कार्बन वाढला तर पीक वाढेल, पण दाण्यातलं काय?

"कार्बन डायऑक्साइड हे झाडांचं अन्न. तो वाढला तर पिकं जोमात येतील. ग्रीनहाऊसवाले तर तो मुद्दाम सोडतात. हवामान बदलाचा बाऊ कशाला?" हा मेसेज शेतकऱ्यांच्या ग्रुपवर वारंवार येतो. त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणून पुढचंही पटून जातं.

आधी ग्रीनहाऊस. तिथे पाणी, खत, तापमान सगळं आपल्या हातात असतं. उघड्या रानात तोच वायू उष्मा वाढवतो. २०२२चा मार्च देशात १९०१पासूनचा सर्वात उष्ण मार्च ठरला. उत्तरेत गव्हाचा दाणा भरतानाच उन्हाने गाठलं, दाणे चिरमटले आणि १३ मे रोजी केंद्राने गव्हाची निर्यात बंद केली. भाताचंही तसंच. फुलोऱ्यात पारा ३५ अंशांपुढे गेला की पराग निकामी होऊ लागतात आणि लोंब्या पोचट राहतात.

"सगळी पिकं जोमात" हेही खरं नाही. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांची पानं कार्बन आधीच एकवटून वापरतात. पाणी पुरेसं असेल तर जादा कार्बनचा त्यांना फारसा फायदा नाही.

सगळ्यात गंभीर गोष्ट मेसेजमध्ये येतच नाही. जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत उघड्या शेतांत हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे ५५० भागांपर्यंत वाढवून पाहिला गेला (आज तो ४२०च्या पुढे आहे). २०१४ साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष आले: गव्हातलं जस्त सुमारे ९ टक्के, प्रथिनं ६ टक्के, लोह ५ टक्के घटलं, भातातली प्रथिनं जवळपास ८ टक्के. दाण्यात पिष्ट वाढतं, बाकीचं त्या प्रमाणात वाढत नाही. पोतं तेवढंच भरतं, कस उतरतो. डाळींतली प्रथिनं फारशी घटत नाहीत हे मान्य, पण जस्त आणि लोह त्यांतही कमी होतं.

ज्याच्या ताटात दूध, अंडी, भाजी आहे, त्याला ही तूट भरून काढता येईल. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या ५७ टक्के आणि महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. आणि सुमारे ८० कोटी लोकांना रेशनवर मिळतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळच.