सरसकट 76 डॉलर

आज गाडी वॉरंट ऑफ फिटनेसला, म्हणजे इथल्या सक्तीच्या तपासणीला, नेली होती. माझी जुनी इलेक्ट्रिक निसान लीफ, जपानहून आलेली सेकंडहँड. तिथे डिझेलच्या फोर्ड रेंजर पिकअपवाला एक जण उभा होता. माझ्या काचेवरचा आरयूसीचा कागद बघून म्हणाला, "आता तुम्हीही रस्त्याचे पैसे भरता, बरं झालं." मी हसले. घरी येईपर्यंत मात्र डोकं तापलं होतं.

भारतातल्या मंडळींसाठी सांगते. न्यूझीलंडमध्ये रस्त्याचा कर पेट्रोलमध्येच धरलेला असतो, डिझेलमध्ये नसतो. म्हणून डिझेलवाले 1978 पासून किलोमीटरचे पैसे आगाऊ भरतात. तेच हे आरयूसी, रोड युजर चार्जेस. इलेक्ट्रिक गाड्यांना माफी होती, ती 31 मार्च 2024 ला संपली. आता हजार किलोमीटरला 76 डॉलर, वर व्यवहाराचं शुल्क वेगळं.

पैसे भरायला माझी ना नाही. आपल्यात फुकट्या कुणालाच आवडत नाही. पण माझ्या लीफला 76 आणि त्या दांडग्या रेंजरलाही 76?

सासरे सांगलीहून आले होते तेव्हा हा कागद बघून त्यांनी आधी विचारलं, "पीयूसी काय गं हे?" समजावल्यावर एकदम खूश! जन्म एसटीत कंडक्टरकीत गेलेला. "म्हणजे टप्प्याचं भाडं की गं हे! सहा किलोमीटरचा टप्पा, मोजायचं आणि तिकीट फाडायचं." मग दर ऐकला आणि गप्पच झाले. जरा वेळाने म्हणाले, "साध्या गाडीला आणि शिवनेरीला एकच तिकीट? डेपोत मारामाऱ्या झाल्या असत्या."

बाबांना जे कळलं ते इथल्या सरकारला कळत नाही असंही नाही. साडेतीन टनांच्या वरच्या ट्रकांना वजन आणि अॅक्सल बघूनच दर लागतो. खाली मात्र जवळजवळ सगळे एका दावणीला. (रस्त्याची खरी वाट ट्रक लावतात, लीफ आणि रेंजरमधल्या फरकाने डांबराला फारसं काही होत नाही, हे मला माहीत आहे. कमेंटमध्ये शिकवू नका.)

आणि आता म्हणे पेट्रोलवालेही यात येणार. वाहतूकमंत्री ख्रिस बिशप यांनी ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर केलंय. गाड्या कमी पेट्रोल पितात, तिजोरीत कमी येतं, म्हणून सगळ्यांनाच किलोमीटरवर आणायचं. वरवर किती न्याय्य! पण हिशोब करा की. पेट्रोलवर लिटरला 70 सेंट कर, वर जीएसटी. शंभर किलोमीटरला बारा लिटर पिणारं धूड आज हजार किलोमीटरला पंच्याण्णवच्या वर भरतं. उद्या पेट्रोलवरचा कर जाऊन हाच दर लागला तर 76. म्हणजे त्याला सूट! आणि माझ्या शेजारणीची टोयोटा अॅक्वा, हायब्रिड, चार-साडेचार लिटरवाली, आज पस्तीसच्या आसपास भरते. तिला दुपटीहून जास्त. बाबा आत्ता इथे असते तर म्हणाले असते, शिवनेरीचं भाडं उतरवून साध्या गाडीवर चढवलं.

त्या रेंजरवाल्यावर खरं तर राग नाही आता. बिचारा इतकी वर्षं भरतोय आणि आम्ही शेजारून फुकट जात होतो. त्याच्या जागी मीही टोमणा मारला असता.

शेजारीण दोन ठिकाणी साफसफाईचं काम करते. एक पहाटे, एक रात्री. वीस डॉलरचं पेट्रोल टाकते, संपलं की परत वीसचं. त्यातच कर सुटा सुटा जातो, तिला कळतही नाही. तिने हजार किलोमीटर एकदम विकत कुठून घ्यायचे? दरमहा भरायची सोय होईल म्हणतात. होईल तेव्हा खरं. तोवर एसटीसारखे सुटे टप्पे द्या ना! पन्नास किलोमीटर, शंभर किलोमीटर. आणि दर गाडीच्या वजनाप्रमाणे लावा, साडेतीन टनांच्या खालीसुद्धा. ट्रकांसाठी जमतं तर आमच्यासाठी का नाही?

"एवढं आहे तर बसने जा" असं लिहायला ज्यांचे हात शिवशिवतायत त्यांना एकच विनंती. मी ज्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन आंघोळ घालते, त्यातल्या एक आजी हॅमिल्टनबाहेर डेअरी फार्मवर राहतात. त्यांच्या फाटकापर्यंत जाणारी बस शोधा, नंबर कळवा, उद्यापासून गाडी दारात उभी ठेवते.