पोरं हात लावत न्हाईत

कोल्हापूरला दसरा चौकाजवळ मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून मला चौदा वर्षं झाली. कात्रीनं अर्धी पट्टी कापून देणं हे आमचं रोजचं काम. पाच दिवसांचं औषध दोनच दिवसांचं नेणारा माणूस बेफिकीर नसतो, खिशात तेवढेच असतात. हे कळायला मलाच दोन-तीन वर्षं लागली.

गेल्या महिन्यात शिरोलीला फौंड्रीत काँट्रॅक्टवर जाणारा एक जण आला. टीबी निघालाय. गोळ्या सरकारी, फुकट. त्याला प्रोटीन पावडरचा साडेतीनशेचा डबा पाहिजे होता. मी आपला शहाणपणा शिकवला, त्यापेक्षा अंडी खावा, शेंगदाणे खावा, पैसे कशाला घालवताय. तर म्हणाला, "अंडी आणली की पोरं बघत बसत्यात, दादा. त्यांच्याम्होरं मी एकट्यानं कसं खायाचं? डबा म्हंजे औषध. पोरं हात लावत न्हाईत."

मी गप डबा दिला.

खुराक म्हणजे काय हे कोल्हापूरला कुणी सांगायला नको. गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून म्हशीची धार ग्लासात घेणारं आपलं गाव. नुसते जोर मार असं कुठलाही वस्ताद पोराला सांगत नाही. आणि शाहू महाराजांनी तरी 1901 पासून बोर्डिंगं कशाला काढली? शिका म्हणून हुकूम सोडून ते थांबले नाहीत. शिकायला आलेलं गरिबाचं पोर राहणार कुठं, खाणार काय, हे त्यांनी बघितलं. मग टीबीवाल्याला आपण नुसत्या गोळ्या देऊन मोकळे कसे होतो?

याला एक जुनी गोष्ट आहे. 1959 साली मद्रासच्या अभ्यासात दिसलं की घरी राहून, साध्या जेवणावर औषधं घेणारा रोगीसुद्धा सॅनेटोरियममधल्या, म्हणजे टीबीच्या खास दवाखान्यातल्या, रोग्याइतकाच बरा होतो. गरिबांवर उपकारच झाले, मिरजेसारख्या ठिकाणी महिनोन्महिने पडून राहायची गरज संपली. पण त्याबरोबर जेवणाचा विषयही मागं पडला तो पडलाच.

तो पुन्हा पुढं आला झारखंडमध्ये. तिथं 2019 ते 2022 या काळात टीबीच्या रोग्यांना दर महिन्याला शिधा दिला, आणि निम्म्या भागांत घरातल्या प्रत्येक माणसालाही पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, लहान पोरांना त्याच्या निम्मं. त्या घरांत नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झालं. तांदूळ, डाळ आणि जोडीला जीवनसत्त्वांच्या गोळ्या, बास. मला त्यातलं 'प्रत्येक माणसाला' हे महत्त्वाचं वाटतं, कारण तिथं बापाला डब्याआड लपायला लागलं नसणार.

आपल्याकडं सरकार रोग्याला महिन्याला 1000 रुपये देतं, नोव्हेंबर 2024 पासून. आधी 500 होते. वाढवले, चांगलंच केलं. पण दिवसाचे झाले तेहतीस. दोन अंडी आणि कपभर दूध, तेही एकट्याचं.

2023 मध्ये जगात साडेबारा लाख माणसं टीबीनं गेली. बहुतेक गरीब देशांतली. एकूण रोग्यांतला पाव हिश्शाहून जास्त वाटा एकट्या भारताचा. औषध सापडून पाऊणशेच्या वर वर्षं झाली तरी. जंतू श्रीमंताच्याही छातीत जातो, पण तिथं बहुतेक वेळा झोपून राहतो. उठतो तो उपाशी अंगात, एका खोलीत सहा जण झोपतात तिथं. ह्याला नशीब म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मजुरी कुणीतरी ठरवलेली असते. 'व्यसनं करतात म्हणून होतं' असं कमेंटमध्ये लिहिणाऱ्यांनी एकदा काउंटरच्या ह्या बाजूला येऊन उभं राहावं, चहा माझ्याकडून.

परवा तो परत आला. वजन दोन किलोनं वाढलंय म्हणाला, खूश होता. घरातल्यांची तपासणी झाली का विचारलं. "थोरल्या पोरीला खोकला हाय, गल्लीतल्या डॉक्टरकडनं बाटली आणलीया."

उद्याच तिला सरकारी दवाखान्यात घेऊन या म्हटलं.

"उद्या हजेरी बुडंल. आयतवारी आणतो."

रविवारी ओपीडी बंद असते.