परराज्यात जन्मलेल्या सुनेचा हक्क आणि एक चुकीचा मजकूर

"महाराष्ट्रात जन्म नसलेल्या बाईला लाडकी बहीण योजनेचे पैसे मिळत नाहीत, डोमिसाइल नसेल तर अर्जच करू नका, आणि गाव सोडले की रेशनही बंद होते," असा मजकूर मोबाइलवरून पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. तो वाचून पात्र बायका अर्जच करत नाहीत, म्हणून त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा जन्माचा. जन्मस्थान आणि रहिवास या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संविधानाच्या अनुच्छेद १५ ने जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे, पण त्यात रहिवासाचा उल्लेख नाही. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शुल्काच्या वादात, डी. पी. जोशी खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये हाच फरक स्पष्ट केला होता. म्हणजे राज्य रहिवासाची अट घालू शकते, आणि या योजनेत ती आहेच. पण बेळगावात किंवा कलबुर्गीत जन्मून लग्नानंतर कोल्हापूर-सोलापुरात नांदणारी बाई त्या अटीमुळे बाद होत नाही. जुलै २०२४ मधील सुधारणेनुसार, महाराष्ट्रात अधिवास असलेल्या पुरुषाशी विवाह झालेल्या परराज्यातील महिलेसाठी पतीचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते.

डोमिसाइलचा मुद्दा अर्धवट माहितीतून आलेला आहे. २८ जून २०२४ च्या मूळ शासन निर्णयात अधिवास प्रमाणपत्र मागितले होते, हे खरे. मात्र तहसील कार्यालयांत गर्दी उसळल्यावर काही दिवसांतच १५ वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला यांपैकी कोणतेही एक चालेल, असे ठरले. मजकूर लिहिणाऱ्याने पहिला निर्णय वाचला, दुसरा वाचला नाही.

रेशनबद्दलचे विधान तर सरळ चुकीचे आहे. 'एक देश, एक रेशनकार्ड' व्यवस्थेची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या राज्यांत झाली, त्यांत महाराष्ट्र आणि गुजरात होते. अन्नसुरक्षा योजनेतील कार्डधारक आधार जोडलेले असेल तर दुसऱ्या जिल्ह्यातील किंवा राज्यातील दुकानातून, अंगठा लावून, आपल्या वाट्याचे धान्य उचलू शकतो, आणि उरलेला वाटा घरच्यांना गावी घेता येतो.

रहिवासाची अट खरोखर जाचक ठरते ती संजय गांधी निराधार अनुदान योजनेत, जिथे अर्जदार किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो. दहा वर्षांपूर्वी मजुरीसाठी आलेली आणि इथेच विधवा झालेली बाई या नियमाने बाहेर राहते. हा कालावधी कमी व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना रहिवासाच्या अटींबद्दल बोलायचे आहे त्यांनी या बाईबद्दल बोलावे.