‘सांगूनही निघाले नाहीत’ म्हणणाऱ्यांसाठी

ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेच्या किनाऱ्यावर एखादं हरिकेन धडकलं की एक मजकूर मराठी गटांमधून फिरायला लागतो. आशय असा: तिकडे वादळाची सूचना आठवडाभर आधी मिळते, दारात दोन गाड्या असतात, रस्ते रुंद, घराला विमा, पाठीशी श्रीमंत सरकार. तरी माणसं घरात बसून राहतात आणि पाणी चढलं की छतावरून हात हलवतात. त्यांची चूक त्यांना भोवते, आपण इथे बसून काळजी कशाला करायची?

हा मजकूर मला सहन होत नाही, कारण ह्यूस्टनमध्ये माझी माणसं आहेत आणि 2017 च्या हार्वी वादळात ती पाण्याने वेढलेली होती. म्हणून उत्तर हार्वीच्याच आधाराने देते.

आधी तो ‘आठवडा’ बघू. हार्वी कॅरिबियन समुद्रात 19 ऑगस्टला इतकं विरलं होतं की त्याला वादळ म्हणणंही थांबलं. 23 ऑगस्टला मेक्सिकोच्या आखातात ते पुन्हा उभं राहिलं आणि 25 च्या रात्री टेक्ससमध्ये रॉकपोर्टजवळ धडकलं तेव्हा चौथ्या श्रेणीचं झालेलं होतं, वारा ताशी 215 किलोमीटरच्या आसपास. म्हणजे हातात होते जेमतेम अडीच दिवस. रॉकपोर्ट ह्यूस्टनपासून अडीचशे किलोमीटरवर. तो शुक्रवार गणेश चतुर्थीचा होता. ह्यूस्टनच्या मराठी घरांतून सकाळी प्राणप्रतिष्ठा झाली आणि रात्री वादळ किनाऱ्यावर आलं.

पाऊस भयंकर पडणार हे तिथल्या हवामान खात्याने सांगितलं होतं, आणि ते खरं ठरलं. याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण तो अंदाज शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यासाठी होता. कोणता बायू कुठे फुटेल, कोणत्या गल्लीत गुडघाभर आणि कोणत्या गल्लीत छातीभर पाणी येईल, हे कुठल्याच अंदाजात नसतं. (बायू म्हणजे ह्यूस्टनमधून वाहणारे संथ, ओढ्यासारखे प्रवाह: बफेलो, ब्रेझ, व्हाइट ओक, ग्रीन्स. शहर सपाट आहे, उतार जवळपास नाहीच.) वादळ जमिनीवर आलं आणि तिथेच घुटमळलं, मग परत समुद्रात गेलं आणि 30 ऑगस्टला लुइझियानात पुन्हा किनाऱ्याला लागलं. टेक्ससमधल्या नेदरलँड नावाच्या गावात एकूण 1,539 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मुंबईकराला 26 जुलै 2005 चा 944 हा आकडा पाठ असतो. तो एका दिवसाचा होता आणि हा काही दिवसांचा, पण मापाचा अंदाज यावा म्हणून सांगितला.

आता मुख्य आरोप: सांगूनही निघाले नाहीत. ह्यूस्टनकरांना निघायला सांगितलंच नव्हतं. महापौर सिल्व्हेस्टर टर्नर आणि ह्यूस्टन ज्यात येतं त्या हॅरिस काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) प्रशासकीय प्रमुख एड एमेट यांनी उलट, घरीच थांबा असं सांगितलं. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांचा सूर वेगळा होता, त्यांनी लोकांना बाहेर पडायचा विचार करा म्हटलं, आणि त्यावरून वादही झाला. पण शहराचा निर्णय आळसातून आलेला नव्हता. त्यामागे बारा वर्षांपूर्वीची एक जखम होती.

सप्टेंबर 2005. कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवून महिनाही झाला नव्हता आणि रीटा नावाचं वादळ ह्यूस्टनच्या रोखाने येताना दिसलं. सगळ्यांनी टीव्हीवर न्यू ऑर्लिन्स पाहिलेलं होतं, त्यामुळे पंचवीस लाखांहून जास्त माणसं एकदम रस्त्यावर आली. महामार्ग थिजले. पेट्रोल संपलेल्या गाड्या कडेला, रणरणतं ऊन, आणि एरवी चार तासांच्या वाटेला वीस-वीस तास. पेट्रोल पुरावं म्हणून लोकांनी गाडीतला एसी बंद ठेवला आणि म्हातारी माणसं उन्हाने गेली. डॅलसजवळ वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणाऱ्या बसने पेट घेतला, आत ऑक्सिजनचे सिलिंडर होते. 23 जण त्यात गेले. या पळापळीत शंभराहून अधिक बळी पडले, आणि रीटा ऐन वेळी पूर्वेला वळून टेक्सस-लुइझियानाच्या सीमेवर धडकलं. ह्यूस्टन परिसरातली माणसं वादळापेक्षा वादळापासून पळताना जास्त मेली. ज्यांनी हे पाहिलं त्यांनी 2017 मध्ये ‘थांबा’ म्हटलं, तर तो मूर्खपणा कसा?

समुद्राची लाट जिथे घरात घुसू शकते तिथून निघायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. किनाऱ्यावरच्या काही काउंट्यांनी हार्वीच्या वेळीही तसे आदेश काढले होते. पण पावसाच्या पुरात सगळ्यात धोकादायक जागा बहुतेक वेळा रस्ता असते. 27 ऑगस्टला पहाटे अंधारात ड्यूटीवर निघालेला ह्यूस्टनचा एक पोलीस अधिकारी पुलाखालच्या बोगद्यात साचलेल्या पाण्यात गाडीसकट बुडाला. त्याच दिवशी एक कुटुंब सुरक्षित जागी जायला व्हॅनमधून निघालं आणि ग्रीन्स बायूच्या पाण्यात व्हॅन ओढली गेली. चार मुलं आणि दोन वृद्ध. ती घरात बसून राहिली नव्हती, निघाली होती. टेक्ससमध्ये हार्वीने थेट घेतलेल्या 68 बळींपैकी जवळजवळ सगळे पावसाच्या पाण्याचे, समुद्राच्या लाटेचा एकही नाही.

‘पूररेषेत घरं घेतली, मग भोगा’ हे त्या मजकुराचं आणखी एक वाक्य. हॅरिस काउंटीच्या पूरनियंत्रण विभागाने नंतर हिशेब मांडला. काउंटीत सुमारे 1,54,000 घरांत पाणी शिरलं. त्यातली दोन-तृतीयांशांहून अधिक घरं ‘शंभर वर्षांत एकदा’ म्हणतात त्या पूररेषेच्या बाहेर होती, आणि सुमारे 70,000 तर ‘पाचशे वर्षांत एकदा’वाल्या रेषेच्याही बाहेर. घर घेताना नकाशा बघणाऱ्या शहाण्या माणसाला त्या नकाशाने सांगितलं होतं की इथे पाणी येणार नाही.

ॲडिक्स आणि बार्करचं तर वेगळंच. शहराच्या पश्चिमेला 1940 च्या दशकात लष्कराच्या अभियंता विभागाने बांधलेले हे दोन मातीचे बांध. एरवी तिथे कोरडी जमीन, गवत, बागा, सायकलचे रस्ते. पाणी फक्त मोठ्या पावसात अडवायचं. बांधांमागच्या जमिनीचा काही भाग सरकारने घेतलाच नाही, पुढे तिथे वसाहती उभ्या राहिल्या. बार्करमागच्या काही वसाहतींच्या नोंदणी-नकाशावर बारीक अक्षरांत एक ओळ आहे: ही वसाहत जलाशयाला लागून आहे आणि अभियंता विभागाच्या नियंत्रणाखाली इथे दीर्घकाळ पाणी राहू शकतं. तो नकाशा काउंटीच्या दप्तरात. घर बघायला येणाऱ्याच्या हातात असतं ते रंगीत माहितीपत्रक. हार्वीत दोन्ही जलाशय भरले आणि मागच्या हजारो घरांत पाणी चढलं. 28 ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर दरवाजे उघडले, तेव्हा बफेलो बायूच्या काठची घरंही बुडाली. त्यातल्या कित्येकांनी तोवरचा पाऊस कोरड्या घरात काढला होता. बांधांमागच्या, म्हणजे वरच्या बाजूच्या घरांसाठी सरकार जबाबदार आहे, असं 2019 मध्ये न्यायालयानेच म्हटलं. जो निकाल द्यायला न्यायालयाला दोन वर्षं लागली, तो फॉरवर्ड करणारे दोन मिनिटांत उलटा देऊन मोकळे होतात.

विम्याबद्दल. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. वाऱ्याने छप्पर उडालं तर पैसे मिळतात. तेच घर पुराने भिजलं तर नाही. पुराची पॉलिसी वेगळी, बहुतेक वेळा सरकारी योजनेतून, आणि ती घेतल्यावर साधारणपणे 30 दिवसांनी लागू होते, म्हणजे वादळ दिसल्यावर धावून उपयोग नाही. पूररेषेबाहेरच्या माणसाला बँकही ती सक्तीने घ्यायला लावत नाही. हॅरिस काउंटीतल्या बुडालेल्या घरांपैकी सुमारे 64 टक्क्यांकडे ती नव्हती. आपत्ती निवारणाच्या सरकारी मदतीची त्या वर्षीची कमाल मर्यादा 33,300 डॉलर होती. कमाल, बहुतेकांच्या हाती त्याहून पुष्कळ कमी आले.

पाणी उतरल्यावर काय होतं तेही सांगते. तिकडच्या भिंती आतून जिप्समच्या. पाण्यात राहिल्या की त्या बिस्किटासारख्या भुसभुशीत होतात आणि दोन दिवसांत बुरशी धरतात. मग जमिनीपासून कमरेपर्यंतची भिंत सगळीकडून कापून काढायची, आतली ओली कापसासारखी भरण ओढून बाहेर टाकायची, गालिचे उचकटायचे. माझ्या मैत्रिणीने पाठवलेल्या फोटोत तिच्या गल्लीत दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे ढीग होते: गाद्या, फ्रिज, मुलांची पुस्तकं. तिच्या ढिगात गौरीचे मखर होतं. उभं करायचं राहूनच गेलं.

दारात दोन गाड्या सगळ्यांच्या नसतात. ह्यूस्टन विद्यापीठाचे सुमारे 200 भारतीय विद्यार्थी पाण्यात अडकलेत, असं तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी स्वतः जाहीर केलं होतं. शिष्यवृत्तीवर जगणारा मुलगा, डायलिसिसवरची आजी, रात्रपाळीची नर्स. यांना ‘निघा’ म्हणताना कुठे आणि कशाने, हेही सांगावं लागतं.

राहिलं ते ‘इथे बसून काळजी कशाला’. हार्वी ओसरत होतं त्याच आठवड्यात, 29 ऑगस्टला, मुंबई बुडाली. लोकल थांबल्या, माणसं कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी निघाली, उघड्या मॅनहोलमध्ये पडून एक नामवंत डॉक्टर गेले. त्या दिवशी ह्यूस्टनहून मुंबईला फोन येत होते. ज्यांच्या स्वतःच्या घरात चिखल होता ते विचारत होते, आई पोचली का, बाबा कुठे अडकलेत. अतिवृष्टीचा इशारा होता तर कामावर गेलातच कशाला, असं त्यातल्या कोणी विचारलं नाही.

आणि काळजीने काही होत नाही हेही खोटं आहे. तातडीच्या क्रमांकावर फोन लागत नव्हते, तेव्हा दूरच्या शहरांतले लोक अडकलेल्यांचे पत्ते गोळा करून लुइझियानाहून स्वतःच्या होड्या घेऊन आलेल्या स्वयंसेवकांपर्यंत पोचवत होते. झेलो या वॉकीटॉकीसारख्या ॲपवर हे रात्रंदिवस चालू होतं. आमच्या गटात आम्ही ठरवलं होतं की मैत्रिणीला फोन एकानेच करायचा, बाकीच्यांनी त्याला विचारायचं, म्हणजे तिची बॅटरी टिकेल. मधूनमधून तिचा एवढाच निरोप यायचा: ‘अजून एक पायरी उरली आहे.’ पोटमाळ्यावर चढू नका, वरून छप्पर फोडता येत नसेल तर तिथे अडकून पडाल, छतावरच जा, ही पोलिसांची सूचना आमच्यातल्या एकाने पाहून तिला कळवली. तिच्याकडे टीव्ही बंद होता, तिला ती आमच्याकडूनच कळली.

तुमचं कोणी ह्यूस्टनला, टॅम्पाला किंवा कॅरोलायनाच्या डोंगरात असेल, तर तो मजकूर फॉरवर्ड करण्याआधी त्यांना एक फोन करा, आणि तो एप्रिलमध्येच करा. हरिकेनचा मोसम 1 जूनला सुरू होतो आणि पुराची पॉलिसी लागू व्हायला 30 दिवस लागतात. घर पूररेषेबाहेर आहे म्हणाले, तर त्यांना त्या 70,000 घरांबद्दल सांगा.