खुलासा : निवडणूक मुख्यमंत्र्यांच्या मर्जीवर?

‘सरकार अडचणीत आले की मुख्यमंत्री निवडणूक हवी तेव्हा लावतो, नाहीतर वर्षभर पुढे ढकलतो’ असा मेसेज गोव्यात डिचोलीपासून काणकोणपर्यंत फिरतोय. त्यातले अर्धेच खरे.

लवकर निवडणूक आणता येते. मंत्रिमंडळ शिफारस करते, राज्यपाल विधानसभा विसर्जित करतात. पण तारीख ठरवतो निवडणूक आयोग. गोव्याला हे नवीन नाही. १९९९ च्या जूनमध्ये निवडून आलेली विधानसभा तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांनी २००२ मध्ये मुदतीआधीच विसर्जित करायला लावली आणि मे महिन्यात मतदान झाले. त्यांच्या भाजपला ४० पैकी १७ जागा मिळाल्या. बहुमत नाहीच, तरी मित्रपक्षांना घेऊन सरकार बसले. ते २००५ मध्ये पडले, हे मेसेजवाले सोयीने विसरतात.

पुढे ढकलणे मात्र मुख्यमंत्र्यांच्या हातात नाही. राज्यघटनेच्या कलम १७२ नुसार पहिल्या बैठकीपासून ५ वर्षे झाली की विधानसभा आपोआप संपते. मुदतवाढ फक्त आणीबाणीत, तीही संसदेने कायदा केला तरच. २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झालेल्या विधानसभेची मुदत त्या हिशेबाने मार्च २०२७ पर्यंतच.