कॉमन सेन्सला किती क्रेडिट?

आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक वाद झाला, तो अजून डोक्यातून जात नाही. एक वर्गमित्र आता इंजिनीअरिंग कॉलेजात केमिकलचा विभागप्रमुख आहे. नवा अभ्यासक्रम बसवताना प्रोसेस सेफ्टी (रासायनिक प्रक्रियेतल्या आग, स्फोट, गळतीसारख्या धोक्यांचा विषय) सक्तीची करायची की ऐच्छिक, असा प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्यांनी ऐच्छिक ठेवली. वर स्पष्टीकरण: "सेफ्टी म्हणजे कॉमन सेन्स. त्याला चार क्रेडिट कशाला? ज्याला सेफ्टीत जायचंय तो पुढे एडीआयएस करेल." म्हणजे औद्योगिक सुरक्षेची पदविका. खाली अकरा अंगठे.

"सेफ्टीत जायचंय" हे मला जास्त टोचलं. जणू ते वेगळं गाव आहे. आपल्याकडे ते आहेच म्हणा. डिग्रीवाला प्लँट चालवतो आणि वर्षभराची पदविका केलेला सेफ्टी ऑफिसर हेल्मेट, परमिट आणि ४ मार्चची शपथ सांभाळतो. जुन्या फॅक्टरीज अ‍ॅक्टचं ४०-ब कलम हजार कामगार असले की हा ऑफिसर नेमा म्हणायचं. कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेत तो आकडा ५०० झाला आणि धोकादायक प्रक्रिया असेल तिथे २५०. मोजायची ती माणसं. रिअ‍ॅक्टरला कुठे ठाऊक असतं, हजेरीपटावर किती नावं आहेत ते?

आता कॉमन सेन्स. २००७ च्या डिसेंबरमध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला टी-टू लॅबोरेटरीजचा रिअ‍ॅक्टर फुटला, ४ माणसं गेली. मालकांपैकी एक केमिस्ट, दुसरा पदवीधर केमिकल इंजिनीअर. ती १७५वी बॅच होती. कूलिंग गेलं, त्याला पर्याय ठेवलेला नव्हता, आणि तापमान एका मर्यादेपुढे गेलं की आत दुसरीच, आणखी उष्णता सोडणारी अभिक्रिया सुरू होते, याची जाणीव दोघांनाही नव्हती. तो इंजिनीअर त्या चौघांतच होता. म्हणजे त्याला जिवाची पर्वा नव्हती असं म्हणायचं का? चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने थेट पदवीच्या अभ्यासक्रमावर बोट ठेवलं, आणि पुढे इंजिनीअरिंगच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या तिथल्या एबेट या संस्थेने केमिकलच्या मान्यतेच्या निकषांत प्रक्रियेतले धोके घातले. हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे.

भोपाळ आम्हाला होतं. पर्यावरणाच्या पेपरात, पाच मार्कांची टीप. तारीख, वायूचं नाव, परिणाम. ६१० क्रमांकाच्या टाकीचं रेफ्रिजरेशन बंद होतं, वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरकडे जाणारा पाइप काढलेला होता, हे मी नॉर्वेत येऊन शिकले. त्याहून महत्त्वाचा मुद्दा प्रोसेस सेफ्टीतले ब्रिटिश तज्ज्ञ ट्रेव्हर क्लेट्झ यांनी मांडला होता: भोपाळला गळलेलं मिथाइल आयसोसायनेट हे काही विकायचं उत्पादन नव्हतं, मधल्या टप्प्यावरचा पदार्थ होता. त्याचा साठा सोयीचा होता, अत्यावश्यक नव्हता. मग सुमारे ४० टन टाकीत कशाला? हा प्रश्न सेफ्टी ऑफिसरच्या हाती कधीच येत नाही. ऑफिसर येतो तेव्हा टाकी उभी असते. प्रश्न विचारायचा असतो तिसऱ्या वर्षाला, डिझाइनच्या तासाला, फ्लोशीटवर, म्हणजे प्रक्रियेच्या आराखड्यावर, टाकीचा गोल काढताना. आमच्या सरांनी फक्त टाकीचं आकारमान काढायला शिकवलं. चोख शिकवलं.

मी चौदा वर्षं नॉर्वेतल्या स्टाव्हांगरला आहे. वर्षातून दोनदा विद्यापीठात रिस्कच्या मास्टर्सच्या मुलांना तास घेते, त्यामुळे माझा आवाज जरा चढलेला असतो, हे मला कळतं. १९८० साली उलटलेल्या अलेक्झांडर कीलँड (इथे शेलान म्हणतात) या तरंगत्या मंचाचं स्मारक फिरायला गेलं की वाटेत लागतं. २१२ पैकी १२३ जण गेले. सुरुवात झाली एका आडव्या नळीत भोक पाडून वेल्ड केलेल्या हायड्रोफोनच्या (पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्राच्या) आधाराच्या चिरेपासून. तो तुकडा रचनेचा भाग मानलाच नव्हता, किरकोळ जोडणी होती. ती चीर ओळखायला कॉमन सेन्स किती क्रेडिटचा लागतो, असं मी मित्राला विचारलं.

त्याचं उत्तर आलं: "आणि तुमचे डायव्हर?"

बरोबर पकडलं त्याने. उत्तर समुद्रात सुरुवातीच्या काळात उतरलेल्या पाणबुड्यांना डीकम्प्रेशनच्या, म्हणजे खोल पाण्यातला दाब किती सावकाश उतरवायचा त्याच्या, कोष्टकांबद्दल पुरेशी माहिती दिली गेली नव्हती. २०१३ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्याबद्दल नॉर्वेलाच दोषी धरलं. माझ्या व्याख्यानात ती स्लाइड नाही. मी लांबलचक उत्तर टाइप केलं आणि पुसलं. त्याने "तुमचे" म्हटलं होतं, आणि मी नॉर्वेची बाजू लढवायला सरसावले होते, हे त्यातलं जास्त खुपलं.

व्हर्नेओम्बुदची गोष्ट मात्र मी ग्रुपवर दहादा सांगितली आहे: इथे कामगारांनी निवडलेला माणूस जिवाला धोका दिसला की काम थांबवू शकतो. सांगितलं नाही ते हे, की मी इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी अशा एकाने थांबवलेलं काम माझं होतं. पाइप उघडायचा होता, तो इतर लाइनपासून कुठे तोडायचा ते दाखवणारं आयसोलेशनचं ड्रॉइंग जुनं निघालं. सहा तास गेले. तो फागब्रेव्हवाला, म्हणजे डिग्री नव्हे तर कारागिरीचं प्रमाणपत्र असलेला, मेकॅनिक, आणि माझ्या मनात आलेलं पहिलं वाक्य होतं: हा कोण मला सांगणार? हे वाक्य मी नॉर्वेत शिकले नव्हते. वरिष्ठांनी त्याला काही विचारलं नाही. मला विचारलं, हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही?

त्याच्याही आधीची एक सही आहे. माझी पहिली नोकरी, वय तेवीस. हॉट वर्क परमिटवर, म्हणजे वेल्डिंगसारख्या ठिणग्या उडणाऱ्या कामाच्या परवान्यावर, ज्वालाग्राही वायू तपासण्याच्या गॅस टेस्टचा रकाना रिकामा असताना मी सही केली. वेल्डर ताटकळत होता, शिफ्ट संपत आली होती. काही झालं नाही. तारीख मात्र नीट घातली होती, तेवढं आठवतं. त्या वेल्डरचं नाव आठवत नाही. तशा परमिटवर आजही तिथे कुणी तेवीस वर्षांचं पोर सही करत असेल, आणि मी इथून लिंका पाठवते.

काल मित्राने त्या ऐच्छिक विषयाचा आराखडा मला वेगळा पाठवला. युनिट चांगली पाडली आहेत, हॅझॉपला (डिझाइनमधले धोके टप्प्याटप्प्याने शोधण्याच्या पद्धतीला) सहा तास दिलेत, मला आठ हवे होते. शिकवणाऱ्याच्या नावाची जागा कोरी आहे. खाली लिहिलंय, "अगं, इतकं कळतं तर एक सेमिस्टर येऊन शिकव."

ब्लू टिक त्याला दिसल्या असणार.