बेटावर राहायचे असेल तर मांडवीतल्या बेटावर राहा

पावसाळा सरत आला की पुण्या-कोल्हापूरकडच्या नातेवाइकांकडून आणि स्नेह्यांकडून मला एकच प्रश्न विचारला जातो. दोन-तीन दिवसांची सवड आहे, खर्च आटोपशीर ठेवायचा आहे आणि एखाद्या बेटावर राहायची फार दिवसांची इच्छा आहे, तर अंदमानला जावे की लक्षद्वीपला? मी फोंड्यात राहते आणि या प्रश्नाला माझे उत्तर ठरलेले आहे. इतक्या थोड्या दिवसांसाठी या दोन्हींपैकी कुठेही जाऊ नका, गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी किंवा चोडण बेटावर या. हे उत्तर ऐकून बहुतेकांना वाटते की मी त्यांची समजूत काढते आहे, म्हणून त्यामागचा सगळा विचार येथे सविस्तर मांडत आहे.

छोट्या मुक्कामाचे अंदाजपत्रक खोलीच्या भाड्यामुळे क्वचितच कोसळते. ते कोसळते ते तिथवर पोहोचण्याच्या खर्चामुळे. अंदमानला जायचे तर विमानाने श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, गाठावे लागते आणि ज्या किनाऱ्यांची छायाचित्रे पाहून आपण निघालेलो असतो त्या स्वराज द्वीपासाठी, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकसाठी, तिथून पुढे पुन्हा बोटीचा प्रवास करावा लागतो. लक्षद्वीपला तर आधी प्रवेशाचा परवाना काढल्याशिवाय पाऊलच ठेवता येत नाही. ही दोन्ही ठिकाणे अतिशय सुंदर आहेत आणि त्यांना निदान आठवडा तरी द्यायला हवा. तीन दिवसांची रजा घेऊन तिकडे निघालेल्या माणसाचे दोन दिवस विमानतळ, धक्के आणि वाट पाहणे यांतच जातात, आणि उरलेल्या एका दिवसासाठी त्याने सगळ्या सहलीचे पैसे मोजलेले असतात.

आता मांडवीतली बेटे. दिवाडी, चोडण, कुंभारजुवे, सांत इस्तेव ही सगळी पणजी आणि जुने गोवे यांच्या आसपास, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. उष्ण कटिबंधातल्या बेटावर आपण जे शोधायला जातो त्यातले बरेच काही तिथे आहे: माडांच्या बागा, खारफुटी, भरती-ओहोटीवर चालणारा दिवस, पाण्याने वेढलेल्या गावाची शांतता. एक गोष्ट मात्र नाही, आणि ती आधीच स्पष्ट सांगितलेली बरी. या बेटांना वाळूचा किनारा नाही. काठाला चिखल आणि खारफुटी आहे, प्रवाहाला ओढ आहे आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरीही आहेत, त्यामुळे नदीत पोहण्याचा विचार कोणीही करू नये. समुद्रात पाय भिजवायचेच असतील तर पणजीला जाऊन मिरामारला एक संध्याकाळ घालवता येते. ज्यांना दिवसभर लाटांतच खेळायचे आहे त्यांनी सरळ काणकोणकडे किंवा पेडण्याकडे जावे. त्यांच्यासाठी हा बेत नाही.

प्रवासात सर्वांत मोठी बचत कोकण रेल्वेमुळे होते. बहुतेक लोक सवयीने मडगावचे किंवा थिवीचे तिकीट काढतात आणि मग तिथून टॅक्सीवर भरपूर पैसे घालवतात. करमळी स्थानक जुन्या गोव्यापासून अवघ्या काही किलोमीटरांवर आहे आणि मुंबईहून येणाऱ्या कोकणकन्या व मांडवी या दोन्ही गाड्या तिथे थांबतात. तिथून रिक्षाने जुन्या गोव्याचा धक्का गाठला की समोरच दिवाडी दिसते. दिवाडीवर अजून पूल नाही. फेरीबोट हाच रस्ता, आणि पायी जाणाऱ्याला तिचे तिकीट लागत नाही. स्वतःची चारचाकी घेऊन येणाऱ्यांना मी नेहमी सांगते की ती आणू नका. गर्दीच्या वेळी बोटीसाठी रांगेत उभी राहते, आणि बेटाच्या अरुंद रस्त्यांवर ती तुमच्याही उपयोगाची नसते आणि गावकऱ्यांच्याही. रेल्वेचे आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडते, म्हणून तारीख ठरवून त्या दिवशी सकाळीच तिकीट काढावे. आधी खोली आणि मग गाडी असा उलटा क्रम लावला की शेवटी महागडे तिकीट घ्यावे लागते.

तारखांविषयी माझे मत ठाम आहे. 20 डिसेंबर ते नवे वर्ष सुरू होऊन आठवडा उलटेपर्यंत, ज्याला खर्चाची काळजी आहे त्याने गोव्याकडे फिरकू नये. नोव्हेंबरच्या शेवटी पणजीत चित्रपट महोत्सव असतो आणि 24 नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या नोव्हेना, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू होतात, त्या 3 डिसेंबरच्या फेस्तापर्यंत, म्हणजे सणापर्यंत, चालतात. त्या दिवसांत जुन्या गोव्याच्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसते. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेराचा उत्सव भरतो, झेंडे मिरवले जातात आणि बांबूच्या फोटाशांनी, म्हणजे खेळण्यातल्या बंदुकांनी, लुटुपुटूची लढाई होते. तो जरूर पाहावा, पण स्वस्त आणि निवांत मुक्कामाशी त्याचा मेळ बसत नाही. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा मध्य, आणि त्यातही सोमवार ते गुरुवार, हा मला सर्वांत योग्य काळ वाटतो. पाऊस ओसरलेला असतो, खाजनातले, म्हणजे नदीकाठी बांध घालून केलेल्या शेतांतले, भात पिवळे पडू लागलेले असते, पाहुणे पक्षी यायला लागतात आणि दर अजून वाढलेले नसतात. भर पावसात येणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की त्या काळात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या मुद्दाम कमी वेगाने चालवल्या जातात.

राहण्याच्या सोयीबद्दल बोलताना मी थोडी कठोर होणार आहे. या बेटांवर मोठी हॉटेले जवळजवळ नाहीत. आहेत ती घरगुती निवासस्थाने, आणि त्यांतली बरीचशी घरातल्या बाईच्या कष्टावर चालतात. तिने दोन खोल्यांचे भाडे सांगितले की आपली मंडळी लगेच निम्म्यावर येतात, वर जेवण फुकट मागतात. मला हे अजिबात पटत नाही. काटकसर करायला माझी मुळीच हरकत नाही, पण ती आपल्या तारखांत, आपल्या वाहनात आणि आपल्या खाण्याच्या सवयींत करावी, तिच्या हिशेबात नाही. आठवड्याच्या मधले दिवस निवडले, रेल्वेने आलो, एकाच घरात सलग राहिलो आणि बेटावर पायी फिरलो, तर जेवढे पैसे वाचतात तेवढे घासाघीस करून कधीच वाचत नाहीत. त्याऐवजी दोन गोष्टी सरळ विचाराव्यात. पहिली, घर पर्यटन खात्याकडे नोंदलेले आहे का. 1982 च्या गोव्याच्या कायद्याप्रमाणे अशी नोंदणी बंधनकारक आहे आणि ज्याने ती केलेली आहे तो दाखला दाखवायला कचरत नाही. दुसरी, सांगितलेल्या भाड्यात कर धरला आहे का. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे, तेव्हा त्याहून जास्त कर कोणी सांगत असेल तर बिल मागावे.

काही जण पणजीत राहून दिवसा बेटावर फेरी मारतात. त्याने बेट पाहिल्याचे समाधान मिळेल, पण बेटावर राहिल्याचे मिळणार नाही. शेवटचे पाहुणे परतल्यावर आणि गावातल्या गाड्यांची वर्दळ थांबल्यावर दिवाडीची जी संध्याकाळ सुरू होते ती दिवसा येऊन जाणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. दोन रात्रींचा बेत असेल तर दोन्ही रात्री एकाच बेटावर काढाव्यात. रोज जागा बदलण्यात अर्धा दिवस सामान बांधण्यात जातो.

आता त्या दिवसाविषयी, ज्याच्यासाठी मी लोकांना दिवाडीला पाठवते. सकाळी लवकर पिएदादच्या टेकडीवर चढावे. वरच्या चर्चच्या जागी पूर्वी गणपतीचे देऊळ होते, आणि शेजारच्या दफनभूमीतल्या छोट्या चॅपेलमध्ये जुन्या देवळाच्या कोरीव कामाचे अवशेष अजून पाहायला मिळतात. तिथून खाली पसरलेली खाजन शेती दिसते: नदीचे खारे पाणी अडवणारे मातीचे बांध, भरती-ओहोटीनुसार पाणी आत-बाहेर सोडणारी मानस, आणि खाऱ्या जमिनीतही तग धरणारे कोरगूट भात. ही रचना समजून घ्यायला गावातला एखादा शेतकरी भेटला तर त्याच्याशी बोलत अर्धा तास बांधावर उभे राहावे. मग नार्व्याच्या दिशेने निघावे. दिवाडीवरच्या या भागात कदंब राजांचे आराध्यदैवत असलेल्या सप्तकोटीश्वराचे मूळ स्थान होते. राजे आपल्या बिरुदावलीत स्वतःला ‘श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ म्हणवत. बहमनी काळात ते देऊळ पडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभे केले, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडले. देव नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूच्या नार्व्याला नेला गेला आणि तिथे 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दिवाडीवरचे कोटीतीर्थ पाहून झाले की जवळच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे जावे आणि 2023 च्या फेब्रुवारीत डागडुजीनंतर पुन्हा खुले झालेले ते देऊळ पाहावे. देवाला ज्या नदीपलीकडे जावे लागले ती नदी आपणही ओलांडतो, आणि गोव्याचा इतिहास पुस्तकात वाचून जसा कळत नाही तसा त्या काही मिनिटांत उमगतो. मराठी माणसाने दिवाडीला यावे असे मला मनापासून वाटते, त्याचे पहिले कारण हेच आहे. या सगळ्या दिवसाचा खर्च म्हणाल तर जेवणाचा आणि देवाला वाहिलेल्या फुलांचा.

अशीच कथा चोडणची. माशेल गावच्या देवळातला देव देवकीकृष्ण मूळचा चोडणचा. तोही असाच बेट सोडून गेला. चोडणला रायबंदरहून फेरीबोट आहे, 2025 च्या जुलैपासून त्या मार्गावर मोठ्या रो-रो बोटीही धावू लागल्या आहेत, आणि मयेच्या बाजूने रस्त्यानेही येता येते. धक्क्याजवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, 1988 मध्ये जाहीर झालेले, जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचे. तिथे जाण्याआधी घड्याळाइतकेच भरतीचे वेळापत्रक पाहावे. होडीने खारफुटीत शिरायचे तर भरती हवी, आणि चिखलातले खेकडे व पाय रोवून उभे असलेले बगळे पाहायचे तर ओहोटी बरी. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल कोणी सांगितलेली वेळ आज चालत नाही. आदल्या संध्याकाळी होडीवाल्याशीच बोलून ठरवावे. दुर्बीण असेल तर आणावी, नसेल तर खास त्यासाठी विकत घेऊ नये.

खाण्यापिण्यात फारसे नियोजन लागत नाही. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर पाव आणि उंडे घेऊन येतो. जुन्या गोव्याकडे किंवा पणजीला गेलात तर पातळभाजी-पाव आणि बन्स कुठल्याही साध्या हॉटेलात मिळतात. दुपारी शीत-कडी, म्हणजे भात-आमटी, आणि तळलेली मासळी घरातच सांगावी, पण आदल्या दिवशी सांगावी, कारण त्यासाठी कोणालातरी बाजारात जावे लागते. शाकाहारी मंडळींनी येण्याआधीच कळवावे. दुचाकी भाड्याने घ्यायची झाली तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्यावी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे आणि पोलिसांनी अडवले तर वाचवलेले पैसे तिथेच जातात. दिवाडीपुरते बोलायचे तर सायकल पुरते, आणि तिच्यावरून बेट जास्त चांगले दिसते.

ज्यांना गणेशोत्सवात सुट्टी मिळते त्यांनी एखाद्या वर्षी चतुर्थीपासून सातव्या दिवशी कुंभारजुव्याला सांगोड पाहावा. होड्या जोडून त्यांवर देखावे केले जातात आणि विसर्जनाची मिरवणूक पाण्यावरून निघते. त्याला ना तिकीट, ना बैठक. काठावर उभे राहायचे. येताना वाटेत सांत इस्तेवची सात शिरांची भेंडी विकायला दिसली तर ती घ्यावी, तशी भेंडी बाजारात सहसा हाती लागत नाही.

परतीच्या दिवसाबद्दल एवढेच सांगायचे आहे की घरमालकिणीचा हिशेब आदल्या रात्रीच चुकता करावा, शेवटच्या आणि पहिल्या फेरीबोटीची वेळ धक्क्यावरच विचारून ठेवावी, आणि करमळीच्या गाडीच्या निदान दोन तास आधी बेट सोडावे. बोट पलीकडच्या काठाला असेल तर ती परत येईपर्यंत थांबण्यावाचून दुसरा मार्ग नाही, आणि वादळी पावसात किंवा बोटीत बिघाड झाला तर ही वाट लांबते.